जाड-बारीक रेषेचा इतिहास : त्रिरश्मी लेणी ते निर्णयसागर टाइप

प्रस्तावना

लग्नपत्रिका, दिवाळी अंकांची मुखपृष्ठे, दागिन्यांच्या जाहिराती आणि चित्रपटांच्या नामपट्ट्या यांवर अलीकडे देवनागरी अक्षरांचे एक विशिष्ट वळण वारंवार दिसू लागले आहे. त्यात अक्षराचा उभा दंड भरीव असतो, तर इतर रेषा केसाएवढ्या बारीक असतात. जाड आणि बारीक यांतील हा भेद जितका तीव्र, तितके अक्षर अधिक डौलदार मानले जाते. हे वळण लहान मजकुरासाठी नसून शीर्षकासाठी आहे. दुरून दिसावे आणि क्षणभर नजर खिळवून ठेवावी, हाच त्याचा हेतू असतो. रोमन लिपीत बोदोनी आणि दिदो या नावांनी ओळखली जाणारी अक्षरे याच घराण्यातील होत. त्यामुळे देवनागरीतील हे वळण म्हणजे पाश्चात्त्य अक्षराचे अनुकरण होय, असा समज सहजच निर्माण होतो.

हा समज अर्धाच खरा आहे. जाड-बारीक भेद देवनागरीला नवा नाही. तो बोरूच्या लेखनात शतकानुशतके होता. नवा आहे तो त्या भेदामागील नियम. कोणती रेषा जाड आणि कोणती बारीक, हे पूर्वी लेखणीचा काप ठरवीत असे. धातूची मुद्राक्षरे आल्यानंतर तो प्रश्न कारागिराच्या निवडीचा झाला. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचा मागोवा नाशिक परिसरातील तीन साधनांच्या, म्हणजे त्रिरश्मी लेण्यांतील शिलालेख, तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या व पोथ्या आणि नाशिकरोड येथील प्रतिभूती मुद्रणालय यांच्या आधारे घेतला आहे. मराठी मुद्राक्षरे जेथे घडली त्या मुंबईतील कारागिरीचा विचार याच क्रमात, मधल्या दुव्याच्या रूपाने केला आहे.

शिलालेखांतील शीर्षचिन्ह

रोमन अक्षरांच्या टोकांना जी लहान आडवी चिन्हे असतात त्यांना ‘सेरिफ’ म्हणतात. या चिन्हांच्या उगमाविषयी बराच वाद झाला. छिन्नीने दगडात खोदताना रेषेचे टोक नीट बंद करण्यासाठी ती निर्माण झाली, असे दीर्घकाळ मानले जात होते. एडवर्ड कॅटिच या अमेरिकन अभ्यासकाने १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याहून निराळे मत मांडले. रोम येथील ट्राजनस्तंभावरील लेख (इ.स. ११३) प्रथम चपट्या कुंचल्याने लिहिला गेला आणि नंतर खोदला गेला, सेरिफ हे कुंचल्याच्या वळणाचे चिन्ह आहे, छिन्नीचे नव्हे, असे त्याचे प्रतिपादन होते. दगडावर जे दिसते त्यामागे शाईने लिहिणारा हात असतो, हा त्यातील महत्त्वाचा मुद्दा होय.

ट्राजनस्तंभाच्या सुमारास नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे लोकभाषेतील पांडवलेण्यांत, ब्राह्मी लिपीतील लेख खोदले जात होते. येथील चोवीस लेण्यांपैकी लेणे क्र. १९ मधील सातवाहन राजा कण्ह याच्या काळचा लेख सर्वांत जुन्या लेखांपैकी एक आहे. लेणे क्र. १० मध्ये क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याचे दानलेख आहेत. लेणे क्र. ३ मध्ये गौतमी बलश्री हिचा प्रसिद्ध लेख असून तो वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातील आहे. एकाच डोंगरावर सुमारे दोन-तीन शतकांतील अक्षरवळणे अशी शेजारी-शेजारी पाहावयास मिळणे ही पुराभिलेखाच्या अभ्यासकास मोठी सोय आहे.

या लेखांची तुलना केली असता एक फरक जाणवतो. जुन्या ब्राह्मीतील रेषा बव्हंशी एकसारख्या जाडीच्या असतात; अक्षर म्हणजे जणू काठ्यांची मांडणी. क्षत्रप-सातवाहन संघर्षाच्या काळातील अक्षरांत मात्र उभ्या रेषेच्या माथ्यावर ठसठशीत शीर्षचिन्ह येऊ लागते आणि रेषेच्या जाडीत चढउतार दिसू लागतो. ब्यूलरपासून अहमद हसन दानी यांच्यापर्यंतच्या पुरालिपितज्ज्ञांनी या शीर्षचिन्हांकडे लक्ष वेधले आहे. सपाट टोकाच्या लेखणीने शाईत लिहिण्याचा प्रभाव दगडावरील अक्षरांत उतरला, असे दानी यांनी त्याचे स्पष्टीकरण दिले आहे. पुढील शतकांत हेच शीर्षचिन्ह रुंदावत गेले आणि अखेरीस देवनागरीची शिरोरेषा झाले.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, रोम आणि नाशिक या दोन्ही ठिकाणी जवळजवळ एकाच काळात, परस्परांच्या अनुकरणाशिवाय, सपाट टोकाच्या साधनाने अक्षराला टोकचिन्ह दिले. दुसरी, रोमनमध्ये हे चिन्ह प्रत्येक अक्षरापुरते मर्यादित राहिले, तर भारतात ते जोडले जाऊन संपूर्ण शब्दाला बांधणारी रेषा बनले. देवनागरीतील ‘सेरिफ’ हा अलंकार नाही. तो शब्दाचा कणा आहे. पुढील सर्व विवेचनात हा फरक निर्णायक ठरतो.

बोरूचा काप आणि पोथीची पाने

नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील क्षेत्रोपाध्यायांकडील नामावळ्या हा या परिसराचा मोठा लेखनसाठा होय. यात्रेकरूने स्वतःच्या हाताने कुळाची नोंद करावी, अशी प्रथा असल्याने या वह्यांत असंख्य हातांची मोडी आणि बाळबोध अक्षरे आढळतात. व्यवहाराची मोडी लेखणी कमीत कमी उचलून, धावत्या हाताने लिहिली जाई. धर्मग्रंथांच्या पोथ्या मात्र बाळबोध लिपीत, एकेक अक्षर घडवून लिहिल्या जात. जाड-बारीक भेदाचे खरे सौंदर्य या दुसऱ्या प्रकारात प्रकट होते.

त्यामागील तंत्र साधे आहे. बोरूचे टोक तिरपे कापलेले असते. रेषा टोकाच्या रुंदीला काटकोनात ओढली की ती पूर्ण जाड येते. टोकाच्या कडेच्या दिशेने ओढली की बारीक येते. रोमन लेखणीचा काप आणि देवनागरी बोरूचा काप परस्परविरुद्ध दिशांना झुकलेले असतात. म्हणून डाव्या बाजूस वरून उजवीकडे खाली उतरणारी तिरपी रेषा रोमनमध्ये जाड, तर देवनागरीत बारीक येते. उभा दंड व आडवी शिरोरेषा या दोन्ही रेषा मात्र कापाशी जवळजवळ सारखाच कोन करतात. परिणामी देवनागरीत दंड आणि शिरोरेषा दोन्ही भरीव राहतात आणि बारीकपणा तिरप्या व वळणाऱ्या रेषांच्या वाट्याला येतो.

आणखी एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. बोरूची बारीकात बारीक रेषा म्हणजे त्याच्या टोकाची स्वतःची जाडी असते. वेताचे वा बांबूचे टोक झिजते, शाई कागदात थोडी पसरते. त्यामुळे रेषा केसाएवढी होत नाही. भेद स्पष्ट असतो, पण त्याला नैसर्गिक मर्यादा असते.

पोथीत शीर्षकासाठी वेगळे अक्षर सहसा योजले जात नसे. अध्यायाची समाप्ती, ‘उवाच’ असे वक्त्याचे निर्देश, दंड यांना उठाव देण्यासाठी तांबडी शाई वापरीत किंवा त्या जागी गेरू फिरवीत. म्हणजे हस्तलिखितात महत्त्व दाखविण्याचे साधन रंग हे होते, आकार नव्हे. एकरंगी छपाई आली तेव्हा हे साधन महाग झाले आणि त्याची जागा अक्षराच्या आकाराने व जाडीने घेतली. शीर्षकाचे खास अक्षर ही या अर्थाने मुद्रणाची निर्मिती आहे. तिची गरज पोथीला नव्हती. मुखपृष्ठ, जाहिरात आणि भित्तिपत्रक यांना होती.

युरोपातील पोलादी टोक

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील अक्षराने रुंद टोकाच्या लेखणीशी असलेले नाते तोडले. इंग्लंडमध्ये जॉन बास्करव्हिलने १७५७ मध्ये व्हर्जिलच्या काव्याची आवृत्ती गुळगुळीत कागदावर छापली आणि बारीक रेषा स्वच्छ उमटू शकते हे दाखवून दिले. पुढे पॅरिसमधील दिदो घराण्याने व पार्मा येथील जाम्बातिस्ता बोदोनीने (१७४०-१८१३) हा भेद टोकाला नेला. बोदोनीच्या मृत्यूनंतर १८१८ मध्ये त्याच्या पत्नीने प्रसिद्ध केलेला ‘मान्युआले तिपोग्राफिको’ हा नमुनाग्रंथ या वळणाचे शिखर मानला जातो. मॅक्सिमिलिआन व्हॉक्स याने १९५४ मध्ये दिदो आणि बोदोनी या नावांच्या संयोगातून या वर्गाला ‘दिदोन’ असे नाव दिले.

या अक्षरामागे दोन साधने होती. एक, दाबानुसार फाकणारे टोकदार पीस. दुसरे, तांब्याच्या पत्र्यावर कोरणारे पोलादी कोरणे. दोन्हींत रेषेची जाडी टोकाच्या कोनावर नव्हे, तर हाताच्या दाबावर अवलंबून असते. म्हणून या अक्षरात जाडी केवळ उभ्या रेषांना मिळाली आणि आडव्या रेषा व सेरिफ केसासारखे झाले. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी लंडनमधील टाइप फौंड्रींनी जाहिरातींच्या गरजेसाठी याच अक्षराचा उभा दंड फुगवून अतिजाड शीर्षकटाइप तयार केले. डौलदार आणि बाजारी, अशी दोन्ही रूपे एकाच बीजातून निघाली.

मोठ्या आकाराची अट या वळणाला आरंभापासून आहे. केसाएवढी रेषा मोठ्या अक्षरात स्पष्ट दिसते. तेच अक्षर लहान केले की रेषा कागदावर नाहीशी होते. शिवाय खिळ्याची बारीक धार वारंवारच्या दाबाने झिजते किंवा तुटते. म्हणून वृत्तपत्राच्या मजकुरासाठी भेद सौम्य ठेवावा आणि शीर्षकासाठी तीव्र ठेवावा, हा व्यवहार मुद्रकांनी अनुभवाने ठरविला.

मुंबईची मुद्राक्षरे

महाराष्ट्रात देवनागरी मजकूर धातूवर उतरविण्याचा एक प्रारंभीचा प्रयत्न मुद्राक्षरांचा नव्हे, तर कोरीव पत्र्यांचा होता. पेशवाईच्या अखेरीस पुण्यात नाना फडणविसांच्या आश्रयाने तांबट कारागिराकडून गीतेचे पत्रे कोरण्याचे काम सुरू झाले आणि नानांच्या मृत्यूनंतर मिरजकर पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली. त्याच वर्षी बंगालमधील श्रीरामपूर येथून विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांत प्रसिद्ध झाले. कोरीव पत्रा आणि ओतीव खिळा हे दोन मार्ग मराठीत असे एकाच वेळी उघडले.

मुंबईत या कलेला स्थैर्य दिले ते अमेरिकन मिशनच्या छापखान्याने. तेथील थॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी अक्षरे लहान व सुबक करण्यासाठी परिश्रम घेतले. याच छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग काढले. शिळाछापात लेखकाचा हात जसाच्या तसा उमटत असल्याने बोरूचे वळण त्यात सुरक्षित राहिले. पुढे त्यांनी स्वतःची मुद्राक्षरेही घडविली.

या काळात दोन जाड-बारीक पद्धती एकाच पानावर समोरासमोर आल्या. बाळशास्त्री जांभेकर यांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. त्यात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारच्या स्तंभांत असे. पुढे १८६२ मध्ये सुरू झालेले ‘इंदुप्रकाश’ही द्विभाषिक होते. त्या काळी इंग्रजी छपाईत सर्वत्र दिदोन घराण्याची, उभ्या रेषा जाड व आडव्या बारीक असलेली अक्षरे प्रचलित होती. म्हणजे मुंबईतील मराठी कारागिरांच्या नजरेसमोर हा नमुना सतत होता. ते त्याबाबत अनभिज्ञ होते असे म्हणता येत नाही.

या पार्श्वभूमीवर जावजी दादाजी चौधरी (१८३९-१८९२) यांचे कार्य पाहावे लागते. गरिबीमुळे बालवयातच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामाला लागले. निरनिराळ्या छापखान्यांचा अनुभव घेतल्यानंतर १८६४ मध्ये त्यांनी टाइप फौंड्री काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. अक्षरांचे पोलादी ठसे कोरण्याचे काम त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू यांनी केले. १८८६ पासून निघालेल्या ‘काव्यमाला’ या संस्कृत ग्रंथमालेने ही अक्षरे देशोदेशीच्या संस्कृत अभ्यासकांपर्यंत पोहोचविली. मूळ श्लोक मोठ्या आणि टीका लहान अक्षरांत, ही निर्णयसागरच्या अनेक आवृत्त्यांतील मांडणी आजही अभ्यासकांच्या परिचयाची आहे.

ठसा कोरणाऱ्या कारागिराला लेखणीचा नियम बंधनकारक नसतो. पोलादावर कानस आणि कोरणे चालविताना तो कोणतीही रेषा हवी तितकी जाड वा बारीक ठेवू शकतो. शिरोरेषा केसासारखी करणे आरूंना अशक्य नव्हते. निर्णयसागरच्या अक्षरांत मात्र जाड-बारीक भेद स्पष्ट असूनही तो बोरूच्या कोनाला धरून आहे. शिरोरेषा अखंड व पुरेशी भरीव आहे. वळणातील जाडी हळूहळू चढते आणि उतरते. बोरूमध्ये जो नियम होता, तो धातूमध्ये कारागिराने जाणीवपूर्वक केलेली निवड ठरला. निर्णयसागरचे ऐतिहासिक महत्त्व केवळ सुबकपणात नाही. परक्या नमुन्याच्या सान्निध्यात राहूनही स्वतःच्या लिपीचा नियम ओळखण्यात आहे. अ, झ, ण यांसारख्या अक्षरांची मुंबई वळणाची रूपे पुढे हिंदीच्या मुद्रणातही रूढ झाली, यामागे मुंबईच्या टाइप फौंड्रींचा हा लौकिकही होता.

शिरोरेषेचा प्रश्न

ही निवड केवळ अभिरुचीची होती काय? देवनागरीच्या वर्णमालेकडे पाहिले की तसे नव्हे, हे स्पष्ट होते. ‘म’ आणि ‘भ’, तसेच ‘घ’ आणि ‘ध’ या जोड्यांतील फरक मुख्यतः शिरोरेषेतील खंडावर आणि एका लहानशा गाठीवर अवलंबून असतो. शिरोरेषा केसासारखी असेल आणि छापताना तुटली, तर ‘मार’ आणि ‘भार’ किंवा ‘घन’ आणि ‘धन’ यांतील अंतर पुसट होते. ‘व’ आणि ‘ब’, ‘प’ आणि ‘ष’ या जोड्यांत पोटातील एका रेषेचाच फरक असतो. ती रेषा नाहीशी झाली की ‘बारा’चा ‘वारा’ होतो. रोमन अक्षरातील सेरिफ तुटला तरी अक्षर वाचता येते. देवनागरीतील बारीक रेषा तुटली तर अक्षर बदलते.

तेव्हा रोमनमध्ये जे केवळ सौंदर्याचे धाडस आहे, ते देवनागरीत अर्थाशी संबंधित आहे. दिदोन वळणाचा नियम देवनागरीला यांत्रिकपणे लावला तर सर्वप्रथम शिरोरेषा क्षीण होते. म्हणजे ज्या रेषेवर शब्दाची एकता व काही अक्षरांची ओळख अवलंबून आहे, तीच रेषा सर्वांत दुबळी ठरते. शीर्षकाच्या मोठ्या आकारात हा धोका कमी असतो. तेच अक्षर पत्रिकेच्या खालच्या ओळीत पत्ता छापण्यासाठी वापरले की तो उघड होतो.

नाशिकरोड : कोरणीची परंपरा

बारीक रेषा जेथे सर्वांत सुरक्षित राहते असे एक छपाईतंत्र आहे, आणि ते नाशिकला अपरिचित नाही. १९२५ मध्ये नाशिकरोड येथे भारत प्रतिभूती मुद्रणालय स्थापन झाले. तत्पूर्वी भारताची टपाल तिकिटे लंडनच्या दि ला रू कंपनीकडून छापून येत. १९२८ मध्ये शेजारीच चलनी नोटांचे मुद्रणालय सुरू झाले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या टपाल तिकिटावर, म्हणजे २१ नोव्हेंबर १९४७ रोजी प्रसृत झालेल्या राष्ट्रध्वजाच्या तिकिटावर ‘जयहिंद’ ही देवनागरी अक्षरे आली. ते तिकीट नाशिक येथेच छापले गेले. चलनी नोटांवर हिंदी मजकूर ठळकपणे येऊ लागला तो १९५३ मध्ये. २०१६ पासूनच्या महात्मा गांधी (नवीन) मालिकेतील नोटांवर मूल्य देवनागरी अंकांतही दिलेले आहे.

प्रतिभूती मुद्रणातील एक तंत्र अंतःकोरीव छपाईचे आहे. खिळ्याच्या छपाईत शाई उंचवट्यावर असते. दाब पडला की ती बाजूला पसरते आणि बारीक रेषा जाड होते. अंतःकोरीव छपाईत शाई पत्र्यावर कोरलेल्या खाचेत असते. कागद जोराने दाबला जाऊन त्या खाचेतील शाई उचलतो. म्हणून केसाएवढी रेषाही धारदार उमटते आणि बोटाला किंचित उठाव जाणवतो. १९९६ मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी मालिकेतील नोटांवर हा उठाव दृष्टिहीन व्यक्तींना उपयोगी पडावा, अशी योजना करण्यात आली. तीव्र जाड-बारीक भेदाच्या अक्षराला जो राजस, अधिकृत भाव चिकटलेला आहे, त्याचे एक कारण येथे सापडते. नोटा, रोखे, मुद्रांक यांवरील कोरीव रेषेशी समाजाची ओळख दीर्घकाळाची आहे. बारीक रेषा म्हणजे नक्कल करण्यास कठीण, म्हणून विश्वसनीय, असा हा संबंध होय.

मिरजेच्या गीतेपासून नाशिकरोडच्या मुद्रणालयापर्यंत कोरीव पत्र्याचा हा धागा एकसंध आहे, असा दावा करता येणार नाही. एक पारंपरिक तांबटकाम होते, दुसरे आयात केलेले औद्योगिक तंत्र. तरीही दोन्हींत एक गोष्ट समान आहे. कोरणाऱ्याचा हात बोरूच्या कोनापासून मुक्त असतो. कोणती रेषा बारीक करावी, हा प्रश्न दोघांपुढेही निवड म्हणूनच उभा राहतो.

यंत्रजुळणी आणि संगणक

विसाव्या शतकात यंत्रजुळणी आली तेव्हा या निवडीवर नवे बंधन पडले. हाताने जुळणीसाठी देवनागरीला शेकडो खिळे लागत. लोकमान्य टिळकांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी ही संख्या कमी करण्याचा प्रयत्न केला, तो याच अडचणीतून. हरी गोविंद गोविल यांनी १९३३ मध्ये लायनोटाइप यंत्रासाठी देवनागरी सिद्ध केली. या यंत्रात एका अक्षराचा भाग दुसऱ्याच्या हद्दीत झुकू शकत नसे आणि मातृकांची संख्याही मर्यादित होती. मात्रा, रफार, वेलांटी यांचे डौलदार झुकाव आखडते घ्यावे लागले. वेगाच्या मोबदल्यात अक्षराने आपला श्वास थोडा कमी केला, असे म्हणता येईल. हाताने जुळविलेल्या मोठ्या शीर्षकाक्षरांत मात्र जुने वळण टिकून राहिले. कारण तेथे वेगाची निकड नव्हती.

या साऱ्या घडामोडींची नोंद मराठीभाषक अभ्यासकांनी वेळीच घेतली, ही समाधानाची बाब होय. अ. का. प्रियोळकर यांचा भारतातील मुद्रणकलेचा इतिहास १९५८ मध्ये आणि बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरील त्रिखंडात्मक ग्रंथ १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर ऑफसेट व संगणकीय जुळणी आल्यावर खिळ्यांचे छापखाने झपाट्याने बंद पडले. खिळे शिसे, अँटिमनी व कथील यांच्या मिश्रधातूचे असल्याने ते वितळविण्यायोग्य भंगार ठरले. अक्षर म्हणून असलेले त्यांचे मूल्य धातूच्या वजनात हरवले.

संगणकावर अक्षर म्हणजे केवळ बाह्यरेषा असते. तेथे बोरूचा काप नाही, धातूची झीज नाही, यंत्राची हद्द नाही. इंडियन टाइप फौंड्रीने २०१४ मध्ये मुक्त परवान्याखाली प्रसृत केलेला ‘रोझा वन’ हा टाइप देवनागरी व रोमन या दोन्ही लिपींत अतितीव्र जाड-बारीक भेद योजतो आणि तो मोठ्या आकाराच्या शीर्षकांसाठीच आहे. दोन लिपींना एकाच कुटुंबात बसविताना जो प्रश्न अशा टाइपच्या रचनाकारापुढे येतो, तो ‘दर्पण’च्या दोन स्तंभांनी १८३२ मध्येच उभा केला होता. दोन्ही लिपींची सरासरी गडदता जुळवावी, की एकीचा नियम दुसरीवर लादावा? निर्णयसागरच्या कारागिरांचे उत्तर यापैकी पहिल्या मार्गाला जवळचे होते.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. देवनागरीतील जाड-बारीक भेद ही पाश्चात्त्य देणगी नाही. सपाट टोकाच्या लेखणीच्या प्रभावाच्या खुणा त्रिरश्मी लेण्यांतील क्षत्रप-सातवाहनकालीन अक्षरांच्या शीर्षचिन्हांत आढळतात आणि बोरूच्या बाळबोध लेखनात त्या परिणत होतात.

२. उभी रेषा जाड व आडवी रेषा केसासारखी, हा नियम मात्र युरोपातील टोकदार पीस व कोरीव पत्रा यांतून आलेला आहे. तो देवनागरीला जसाच्या तसा लावल्यास शिरोरेषा दुर्बल होते आणि अक्षरांच्या काही जोड्यांची ओळख धोक्यात येते.

३. एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या कारागिरांना दोन्ही नियम परिचित होते. त्यांनी बोरूचा नियम धातूत टिकविला, ही परंपरेची सवय नसून विचारपूर्वक केलेली निवड होती, असे निर्णयसागरच्या अक्षरांवरून मानण्यास आधार आहे.

४. शीर्षकाचे अक्षर ही मुद्रणयुगाची गरज आहे. हस्तलिखितातील रंगाचे काम छपाईत आकाराकडे व जाडीकडे आले.

या अभ्यासाला एक व्यावहारिक बाजूही आहे. राजे, करार आणि दाने यांच्या इतिहासासाठी साधने जपली जातात; ज्या अक्षरांत तो इतिहास लिहिला व छापला गेला, ती अक्षरे मात्र साधन म्हणून क्वचितच जपली जातात. नाशिक जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांना यात बरेच काही करता येण्याजोगे आहे. जुन्या छापखान्यांतील उरलेल्या शीर्षकाक्षरांचे ठसे कागदावर घेऊन ठेवणे, लग्नपत्रिका, हस्तपत्रके व नाटकांच्या जाहिराती वर्षनिहाय संग्रहित करणे, हयात जुळाऱ्यांच्या मुलाखती नोंदविणे आणि नामावळ्यांतील हस्ताक्षरांची छायाचित्रे उपाध्यायांच्या संमतीने जतन करणे, ही कामे विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतूनही पार पडू शकतात. पुढील पिढीतील रचनाकार देवनागरीसाठी नवे डौलदार अक्षर घडवील, तेव्हा कोणती रेषा बारीक करावयाची हे त्याला ठरवावे लागेल. तो निर्णय पूर्वसूरींचे काम पाहून व्हावा, यासाठी ते काम आधी पाहावयास उपलब्ध असले पाहिजे.